चित्रपट आणि पाहणाऱ्याची पारख

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नांवाचें स्थानक लागतें. गांव नृसिंहाच्या देवालयासाठीं प्रसिद्ध. आणि त्याच मार्गावर पुढें गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईचें गांव. अशा मुलखांत प्रल्हादाची कथा कोणास नव्यानें सांगावी लागत नाहीं. खांबांतून कोण प्रकट होणार हें लहान मुलासही ठाऊक असतें. तरीही कीर्तनकार उभा राहिला कीं लोक तन्मयतेनें ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर मतही देतात : एकानें कयाधूचा आकांत चांगला वठविला, दुसऱ्यानें हिरण्यकशिपूला उगाच विदूषक केलें. कथा कोणती, हा त्यांचा प्रश्नच नसतो. ती कशी सांगितली, एवढाच असतो. मराठी माणसानें पुढें चित्रपटांविषयीं जीं मतें बनविलीं, त्यांचें मूळ या संवयींत आहे.

मराठवाड्यासारख्या प्रांतांत या संस्काराचें मोल विशेष होतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. अशा स्थितींत सामान्य माणसाची मराठी रसिकता जोपासली गेली ती घरांत, देवळांत आणि कीर्तनाच्या मांडवांत. तिला पदवी नव्हती, पण कसोटी होती.

चित्रसृष्टींतील आद्य मराठी रसिक म्हणून ज्यांचें नांव घ्यावें, तेच तिचे आद्य निर्मातेही ठरले. दादासाहेब फाळके यांनीं १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें कृष्ण आणि राम उभे राहिले, अशा आशयाची हकीकत त्यांनीं पुढें ‘नवयुग’ मासिकांतील लेखांत दिली आहे. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या दर्शनाचें फळ होय. तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या तरुणानें ती केली. आणि १९१७ च्या ‘लंकादहना’त तर त्याच साळुंक्यांनीं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम येतांच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असें सांगतात.

ही गोष्ट ऐकून सुशिक्षितांस हंसूं येई. भोळ्या लोकांस सावली आणि देव यांतील भेद कळत नाहीं, असें त्यांस वाटे. परंतु १९१९ चा ‘कालिया मर्दन’ या समजुतीस उत्तर देतो. त्याच्या आरंभीं फाळक्यांनीं आपली कन्या मंदाकिनी हिच्या मुद्रेवरील नाना भाव दाखविले, आणि मग त्याच मुद्रेंतून बाळकृष्ण प्रकट केला. म्हणजे ही एक मुलगी आहे व ती सोंग घेत आहे, हें प्रेक्षकांस अगोदर स्पष्ट सांगून मग कथा सुरू झाली. तरीही त्यांच्या भक्तीस बाध आला नाहीं. ज्यानें दशावतारी खेळ पाहिला आहे, त्यास सोंग हें सोंग आहे हें पक्कें ठाऊक असतें; आणि तें चांगलें वठलें तर हात जोडावे, हेंही ठाऊक असतें. याला भाबडेपणा म्हणतां येत नाहीं. ही एक प्रकारची पारखच आहे.

तथापि वर्गावर्गांतील हें अंतर बराच काळ टिकलें. सरकारनें १९२७ सालीं दिवाणबहादुर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटांच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तिनें देशभर फिरून ३५३ साक्षी घेतल्या. सामान्य प्रेक्षकांचा ओढा देशी चित्रांकडे, विशेषतः पौराणिक चित्रांकडे; इंग्रजी शिकलेल्या वर्गाचा पाश्चात्त्य चित्रांकडे, असें चित्र त्या चौकशींतून उमटलें. महात्मा गांधींनीं तर आपण सिनेमा पाहिलाच नसल्याचें व त्यापासून अहितच होत असल्याचें समितीस कळविलें. एकानें देशी चित्र न पाहतां तें हलकें ठरवावें, दुसऱ्यानें चित्र मुळींच न पाहतां सारेंच त्याज्य ठरवावें, असा तो काळ होता. वास्तविक कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालींच ‘सावकारी पाश’ काढून कर्जापायीं जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला होता. शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांची होती. पण देशी चित्र म्हणजे पौराणिक चित्र, ही समजूत तेवढ्यानें मोडली नाहीं.

ती मोडण्याचें श्रेय बव्हंशीं ‘प्रभात’कडे जातें. १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली. १९३६ सालीं दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला. मुंबईंत एकाच चित्रगृहांत तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विद्वान आणि वारकरी यांचें मत येथें प्रथमच एक झालें. विष्णुपंत पागनीस यांच्या मुखावरील निर्व्याज प्रसन्नता हें त्याचें एक कारण. दुसरें कारण गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई. तिला मुलांच्या पोटाची चिंता आहे. म्हशीवर तिचा जीव आहे. विठ्ठलावर राग आहे. तुकोबा वैकुंठास निघतात तेव्हांही ती घर सोडीत नाहीं. विमान खोटें आहे हें प्रत्येक पाहणाऱ्यास कळतें. जिजाई खरी आहे हेंही कळतें. चमत्कारास संसाराची तोड देऊन दिग्दर्शकांनीं दोन्ही रसिकांस तृप्त केलें.

पुढच्याच वर्षीं शांतारामांचा ‘कुंकू’ आला. जरठकुमारी विवाहाचा प्रश्न देवलांनीं १८९९ च्या ‘शारदे’त मांडला होता, परंतु तेथें लग्न ऐन वेळीं मोडतें. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या ‘कुंकवां’त लग्न होऊन गेलें आहे, आणि नीरा त्यास मान्यता देत नाहीं. शांता आपटे यांनीं तिचा निर्धार, तर केशवराव दाते यांनीं म्हाताऱ्या वकिलाची हळूहळू जागी होणारी लाज दाखविली. पार्श्वसंगीताचा आधार न घेतां घरांतील आवाजांवरच चित्राचा परिणाम उभारला आहे. या चित्रास भक्तिरसाची कसोटी लावणें व्यर्थ; त्याची कसोटी एकच, घरीं परततांना पाहणाऱ्याचें मन अस्वस्थ झालें कीं नाहीं.

१९३८ चा ‘ब्रह्मचारी’ याहून सर्वस्वीं निराळा. आचार्य अत्रे यांनीं लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रांत ब्रह्मचर्याचें सोवळें मिरविणाऱ्यांची यथेच्छ थट्टा आहे. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोषाखानें त्या वेळीं खळबळ उडाली. ज्यांस पोषाखच दिसला, त्यांस ढोंगावरचा प्रहार दिसला नाहीं. १९३९ च्या ‘माणूस’मध्यें एक शिपाई व एक वारांगना यांचें प्रेम आहे. प्रेमभंगानें झुरून मरणारा ‘देवदास’ १९३५ पासून गाजत होता. प्रेम हरलें तरी माणसानें कर्तव्यासाठीं जगावें, असें शांतारामांनीं त्यास उत्तर दिलें. दोन्ही चित्रें आवडणारे पुष्कळ रसिक निघाले, आणि त्यांत कांहीं विसंगति नाहीं.

कीर्तन ऐकणारा माणूस लळितास कीर्तनाच्या तराजूंत घालीत नाहीं. पौराणिक चित्रांत श्रद्धेचा सूर लागला कीं नाहीं तें पाहावें, सामाजिकांत सत्याची धार, विनोदींत थट्टेचा नेम. एका मापानें सारीं मोजणारा रसिक बहुधा आपल्या आवडीलाच नियम म्हणत असतो. १९५४ सालीं पहिलें राष्ट्रपति सुवर्णपदक अत्र्यांच्याच ‘श्यामची आई’स मिळालें. ‘ब्रह्मचारी’ लिहिणाऱ्या लेखणीनें ही मातृभक्तीची कथा पडद्यावर आणली. निर्मात्याचें मन जर इतकें विविध असूं शकतें, तर पाहणाऱ्याचें कां असूं नये?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ सालीं पुढें आला, तेव्हां हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. गांवच्या डुकरांमागें धांवणाऱ्या दलित मुलानें शेवटीं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावरच येतो. तेथें केवळ मनोरंजन शोधणाऱ्यास चित्र कठोर वाटेल. परंतु आपण कोणाच्या बाजूस बसलों आहों, हें त्या दगडानें विचारलें आहे. खांबांतून काय बाहेर येणार हें पोखर्णीच्या श्रोत्यास आधींच ठाऊक असतें, तरीही तो दर वेळीं सावध होऊन ऐकतो. शहरांतील सुशिक्षित घरांनींही चित्रपटापुढें बसतांना तेवढी सावधगिरी बाळगली, तर त्यांचें मत ऐकण्याजोगें होईल.