ई. कोलाय निसल १९१७ : आतड्याच्या दाहविकारातील उपकारक जीवाणूचा इतिहास

प्रस्तावना

उपकारक जीवाणूंकरवी अपायकारक जीवाणूंना आवर घालावा, ही प्रोबायोटिक उपचारामागील कल्पना प्रतिजैविकांहून जुनी आहे. आतड्याच्या दाहविकारात तिचे मूल्य कसे निश्चित होत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम

आंबवलेल्या दुधातील जीवाणू आतड्यातील कुजण्याची क्रिया रोखतात, असे मत इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. जर्मन वैद्यक आल्फ्रेड निसल यांची वाट वेगळी होती. ई. कोलायचे काही वाण रोगकारक जीवाणूंची वाढ रोखतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिले होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सहकारी सैनिक अतिसाराने आजारी पडत असताना निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या मलातून त्यांनी असा एक वाण वेगळा केला. तोच वाण ‘म्युटाफ्लोर’ या नावाने औषधरूपात आला.

कसोटी

पुढे प्रतिजैविकांच्या युगात हा विचार मागे पडला. १९९० च्या दशकात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवर या वाणाच्या नियंत्रित चाचण्या झाल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३२७ रुग्णांची मेसालाझिन या प्रचलित औषधाशी तुलना करून वर्षभर पाहणी करण्यात आली. उपचार नियमानुसार पूर्ण करणाऱ्यांपैकी निसल गटात ३६.४ टक्के, तर मेसालाझिन गटात ३३.९ टक्के रुग्णांचा आजार उलटला. दोन्ही उपचार समतुल्य ठरले.

कार्यपद्धती

उंदरांवरील संशोधनातून या परिणामामागील कारणे स्पष्ट होऊ लागली. दाहग्रस्त आतड्यात लोह दुर्मिळ होते. निसल वाण ते कार्यक्षमतेने मिळवून साल्मोनेलासारख्या प्रतिस्पर्ध्यांची उपासमार करतो, हे २०१३ मध्ये दिसून आले. मायक्रोसिन नावाची लहान प्रथिने सोडून तो निकटच्या जातींना मारतो, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

मर्यादा

क्रोन विकारात प्रोबायोटिकांचा असा ठोस लाभ आढळलेला नाही. शिवाय डीएनएला इजा करणारे कोलिबॅक्टिन तयार करणारी जनुके याच वाणात आहेत. त्यामुळे त्याच्या दीर्घकालीन सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित झाला आहे.

समारोप

निरीक्षणापासून विश्वासार्ह चाचणीपर्यंत पोहोचण्यास सुमारे आठ दशके लागली. सिद्ध झाले ते विशिष्ट वाणाचे विशिष्ट विकारातील कार्य. ‘प्रोबायोटिक’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाला ते श्रेय देता येत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.