रक्तक्षय : यकृत, प्लीहा आणि सिकलसेल
रक्तक्षय म्हटले की लोहाची गोळी पुढे येते. पण दोष दरवेळी आहाराचा नसतो. सिरोसिसने यकृत निबर झाले की प्लीहा सुजते आणि रक्तपेशी अडकवून मोडते. सिरोसिसमुळे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या तर रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते. दारूने फोलेट घटते, ते वेगळेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळ्याच्या शिरपूर आणि जळगावच्या चोपडा, यावल तालुक्यांतील भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल हे आनुवंशिक कारण आढळते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमधील विळ्याच्या आकाराची जेमतेम १० ते २०. त्यातून कावीळ, पित्तखडे. वारंवार रक्त चढवल्यास यकृतात लोह साचते. अशा रुग्णाला तपासणीविना लोह देणे चूकच.

आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.