दसऱ्याला घर घ्यायचं? आधी मुहूर्ताचा इतिहास ऐका

गणपती गेले की दोन गोष्टी होतात. पाऊस ओसरायला लागतो आणि होर्डिंगांवर घरं उगवायला लागतात. 'दसरा धमाका', 'पाडव्याला बुकिंग करा, मॉड्युलर किचन मोफत'. तुम्ही घर शोधत असाल किंवा आईबाबांचा जुना फ्लॅट विकायचा असेल, तर या दोन महिन्यांत तुमच्यावर एकच दबाव येतो: मुहूर्त चुकवू नका. म्हणून आजचा प्रश्न असा, की शरद ऋतूत घरांचा बाजार नक्की कशावर चालतो? मुहूर्तावर की आणखी कशावर?

आधी मुहूर्ताची बाजू ऐकू. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त मानतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा म्हणजे बलिप्रतिपदा, आपला दिवाळी पाडवा. यातला एक पूर्ण आणि तो अर्धा, असे दोन मुहूर्त तीनेक आठवड्यांच्या अंतराने याच ऋतूत येतात. त्याच्या आधी पितृपक्ष. त्यात लोक घर बघतात, भाव विचारतात, पण टोकन देत नाहीत. म्हणजे पंधरा दिवस मागणी तुंबते आणि घट बसले की एकदम सुटते.

पण यामागे पंचांगाइतकाच पैसाही आहे. गावाकडे खरिपाचं पीक हाती येण्याचे हे दिवस. शहरात बोनसचे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी मोठा संप केला होता. पुढे १९६५ मध्ये बोनसचा कायदाच झाला. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा, असं त्याने ठरवलं. वर्ष मार्चला संपत असेल तर आठ महिने कुठे येतात? नोव्हेंबरअखेर. म्हणजे दिवाळीच्या आसपास. हातात पैसा असतो म्हणूनही मुहूर्त शुभ वाटतो!

आता जरा मागे जाऊ. मुंबईतल्या सामान्य माणसाच्या डोक्यात 'दसऱ्याला फ्लॅट बुक करू' हा विचार शंभर वर्षांपूर्वी आलाच नसता. तेव्हा माणूस भाड्याने राहायचा. चाळीत खोली मिळाली तरी नशीब. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, ती या वाटेवरची अगदी सुरुवातीची पावलं.

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूंना मोठा आधार मिळाला, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला रस उरला नाही. एकीकडे पगडी फोफावली, दुसरीकडे बिल्डर म्हणू लागले, भाड्याने कशाला, विकतच घ्या. मालकीचा फ्लॅट ही कल्पना अशी रुजली.

आणि लगेच फसवणूकही सुरू झाली. पैसे आगाऊ घ्यायचे, ताबा द्यायचा नाही, एकच फ्लॅट दोघांना विकायचा. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्राने मालकी फ्लॅटचा कायदा केला. लोक त्याला 'मोफा' म्हणतात. आगाऊ रकमेवर २० टक्क्यांची मर्यादा आली, लेखी करार करून तो नोंदवणं बंधनकारक झालं. १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू झाली आणि हळूहळू पगारदार माणूस कर्ज काढून घर घेऊ लागला. दसऱ्याच्या जाहिरातींना गिऱ्हाईक मिळालं ते असं.

पुढची मोठी पायरी रेरा. हा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून कामाला लागलं. आता नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याज मागता येतं. मोफतच्या मॉड्युलर किचनपेक्षा ही ऑफर किती मोठी आहे बघा, आणि ती बारा महिने चालू असते.

आता येऊ २०२० च्या शरद ऋतूकडे. हा भाग नीट ऐका, कारण मुहूर्ताची परीक्षाच झाली त्या वर्षी.

लॉकडाऊनने बाजार ठप्प होता. राज्य सरकारने मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत ५ टक्क्यांवरून थेट २ टक्के, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत ३ टक्के. एक कोटीच्या घरामागे पाच लाखांऐवजी दोन लाख. म्हणजे तीन लाख वाचले. काही बिल्डर तर उरलेले दोन टक्केही आम्ही भरतो म्हणाले.

आता त्या वर्षीचं पंचांग काढा. १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. तो १७ ला संपला, तर १८ पासून अधिक आश्विन सुरू! तो १६ ऑक्टोबरपर्यंत. घट बसले १७ ऑक्टोबरला. म्हणजे जवळजवळ दीड महिना घर घेण्यासाठी 'वर्ज्य'.

आणि झालं काय? मुंबईत ऑगस्टमध्ये अडीच हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले होते. सप्टेंबरमध्ये, ऐन पितृपक्ष आणि अधिक महिन्यात, ते दुपटीहून वर गेले. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात झाली, पण सगळ्यात मोठी गर्दी झाली डिसेंबरमध्ये. १९ हजारांहून जास्त दस्त. कारण ३१ तारखेला सवलत संपणार होती. लाखो रुपये वाचत असतील तर माणूस पितरांची क्षमा मागून रजिस्ट्रेशनच्या रांगेत उभा राहतो. यात श्रद्धेची टिंगल नाही. लोकांनी कलश, पूजा, गृहप्रवेश सगळं चांगल्या दिवशीच केलं असेल. व्यवहार मात्र त्यांनी हिशेब बघून केला.

मग या शरदात काय अपेक्षा ठेवायची?

घेणाऱ्यांनो, तुमची खरी ताकद पितृपक्षात असते. साइटवर गर्दी कमी, सेल्सवाल्याला वेळ भरपूर. तेव्हाच घासाघीस करा, महारेराच्या साइटवर प्रकल्प तपासा, कार्पेट एरिया विचारा, वकिलाला करार दाखवा. दसऱ्याला फक्त सही उरली पाहिजे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घरावर नाही. तो फरक ऑफरमधून वजा करून बघा.

विकणाऱ्यांनो, सणात तुमची स्पर्धा बिल्डरच्या सोन्याच्या नाण्याशी आहे. तुमच्याकडे नाणं नाही, पण तयार घर आहे आणि त्यावर जीएसटी नाही. तेच सांगा. सोसायटीची थकबाकी, शेअर सर्टिफिकेट, कर्ज असेल तर बँकेकडची मूळ कागदपत्रं, हे सगळं घट बसायच्या आधी मार्गी लावा. उत्सुक गिऱ्हाईक कागदासाठी थांबत नाही. ते पुढच्या दारी जातं.

शंभर वर्षांत पगडीपासून रेरापर्यंत आपण एवढं अंतर आलो, ते प्रत्येक वेळी कुणाची तरी आयुष्याची कमाई बुडाली म्हणून. त्यांच्याकडेही मुहूर्त होता. नव्हता तो नोंदवलेला करार.

तेव्हा घर जरूर घ्या, दसऱ्यालाच घ्या. आपट्याची पानं वाटा, आणि कागद वाचून सही करा. हा भाग घर शोधणाऱ्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!