तिला विचारलं होतं का?

मंडळी, या विकांताचा विषय जरा अवघड आहे. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला की आपण "छातीत गाठ निघाली" एवढं म्हणतो. ऑपरेशन होतं, बाई घरी येते, पदर थोडा वेगळा घ्यायला लागते आणि विषय संपतो. काढलेल्या स्तनाच्या जागी नवा घडवता येतो, हे पुष्कळ घरांत कुणी बोलतच नाही. तर आज या शस्त्रक्रियेचा इतिहास. त्यात सर्जन भरपूर भेटतात. मी मात्र एकच गोष्ट शोधत होतो: बाईला पहिल्यांदा विचारलं कधी?

गंमत म्हणजे सुरुवात आपल्या पुण्यापासून करावी लागते. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवून माप घेतलं, ते मेण कपाळावर सपाट पसरून रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांच्या मधला देठ मात्र तोडला नाही, म्हणजे कातडीला रक्त मिळत राहिलं. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिकडे तसंच ऑपरेशन केलं. शेजारची कातडी देठासकट वळवून जखम भरायची, हे तत्त्व युरोपात रुळलं.

नाक म्हणजे चारचौघांत दिसणारी गोष्ट, त्यामुळे ते परत मिळावं असं सगळ्यांनाच वाटतं. स्तनाचं तसं झालं नाही. अमेरिकेत विल्यम हालस्टेड १८८२ पासून एक मोठं ऑपरेशन करू लागला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. १८९४ मध्ये त्याने ५० बायकांचे निष्कर्ष छापले. पुढची सत्तरेक वर्षं जगभर हेच डिफॉल्ट सेटिंग राहिलं.

याच काळात दुसरं कामही चाललं होतं. १८९५ साली हायडेलबर्गच्या व्हिन्सेंझ चेर्नीने एका बाईच्या अंगावरची चरबीची गाठ काढून स्तनाच्या जागी बसवली. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनीने पाठीचा स्नायू कातडीसकट पुढे वळवून छातीची जखम झाकली. तत्त्व पुण्यातलंच, देठ न तोडण्याचं. पण हालस्टेडचा अशा जोडकामाला विरोध होता. खाली रोग परतला तर दिसणार नाही, ही भीतीही सर्जन मंडळींत बराच काळ होती. तान्सिनीची पद्धत विस्मरणात गेली ती थेट १९७० च्या दशकात परत आली. (आज अभ्यासांवरून माहीत आहे की नवा स्तन घडवल्याने कॅन्सर उलटण्याचा धोका वाढत नाही.)

आता मूळ प्रश्नाकडे. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतसुद्धा रिवाज असा होता: गाठ तपासायला बाईला भूल द्यायची, तुकडा लगेच तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर तशीच पुढे मॅस्टेक्टॉमी उरकायची. सही आधीच घेतलेली. शुद्धीवर आल्यावर स्तन आहे की नाही हे तिने चाचपून बघायचं! १९७४ मध्ये रोझ कुश्नर नावाच्या पत्रकार बाईंनी हे नाकारलं. आधी फक्त तपासणी, मग मी ठरवीन, असं त्या म्हणाल्या. अनेक सर्जननी त्यांना नकार दिला. पण १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीने तपासणी आणि ऑपरेशन वेगळं ठेवा असं सांगितलं, आणि त्या समितीत कुश्नरबाई स्वतः होत्या. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशरच्या चाचणीने दाखवलं की पुष्कळ बायकांत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं.

उलट बाजूही बघा. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी ऑपरेशननंतर ब्लाऊजमध्ये घालायचा खोटा स्तन नाकारला, आणि १९८० मध्ये 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये त्याबद्दल लिहिलं. जे गेलं ते लपवून फिरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. 'नको' हाही निर्णयच. फक्त तो तिने घेतलेला हवा.

आपल्याकडे परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. उपचार आले, पण संमतीचं काय? १९९५ मध्ये दिल्लीत एक बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचं कारण नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. खटला स्तनाचा नव्हता, पण प्रश्न तोच.

आता हे लोधिवलीत आणून बघू. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं, पाताळगंगेच्या कारखान्यांजवळचं हे खालापूर तालुक्यातलं गाव. तिथलं धीरूभाई अंबानी हॉस्पिटल हायवेवरच्या अपघातांमुळे पुष्कळांना माहीत झालं. कॅन्सर म्हटलं की मात्र खारघरचं ॲक्ट्रेक, नाहीतर थेट परळ. आता समजा इथल्या एका शेतकरी बाईला नवा स्तन हवा आहे. पाठीचा स्नायू घेतला तर ओढण्याच्या कामात तो कमी पडू शकतो. पोटाची कातडी-चरबी स्नायूसकट वर घ्यायची पद्धत १९८२ ची. तिने पोट कमकुवत होऊ शकतं, आणि हिला तर दिवसभर ओणवं राहून भातलावणी करायची असते! १९९० च्या दशकापासून स्नायू जागेवर ठेवून नुसती कातडी-चरबी नेता येते, पण रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या म्हणजे ऑपरेशन लांबतं आणि तसा सर्जन लागतो. सिलिकॉनचा इम्प्लांट १९६२ पासून आहे. त्याचं ऑपरेशन लहान, पण रेडिएशन झालं असेल तर भोवती घट्ट कवच धरण्याची शक्यता वाढते आणि कधीतरी तो बदलावाही लागतो. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. शिवाय कुठल्याही पद्धतीत पूर्वीची संवेदना सहसा पूर्ण परत येत नाही.

हे सगळं ऐकून ती "नको" म्हणाली तर तिचं बरोबर आहे, "हवा" म्हणाली तरी बरोबर आहे. पण "आता या वयात कशाला?" हे घरच्यांनी परस्पर ठरवलं, तर तो तिचा निर्णय नव्हे. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे "या वयात" हे पुष्कळदा पंचेचाळिशीतल्या बाईबद्दल बोललेलं असतं.

तेव्हा कुणाच्या घरी ही वेळ आली तर ऑपरेशनच्या आधी, तिच्यासमोर, एवढं तरी विचारा: स्तन वाचवता येईल का? काढावा लागला तर लगेच घडवायचा, नंतर, की नाहीच? रेडिएशन लागणार आहे का? कुठला स्नायू जाईल, आणि रोजच्या कामाला किती दिवस लागतील? खर्च किती? उत्तरं ऐकून झाली की नवरा, मुलगा, जाऊ, सगळ्यांनी जरा गप्प बसावं आणि तिला बोलू द्यावं. तिला चार दिवस विचार करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून तेवढा वेळही मिळवून द्यावा.