शब्द नाटककाराचे, आवाज नटाचा

‘तू आलास.’ दोनच शब्द. आनंदाने उच्चारले तर स्वागत, शेवटी स्वर चढवला तर प्रश्न, खालच्या आवाजात म्हटले तर तक्रार. कागदावर हा फरक पुरता उतरत नाही. कविता लिहिताना ही अडचण मला नेहमीच जाणवते.

भरताच्या नाट्यशास्त्रात आवाजातल्या या फेराला ‘काकू’ म्हटले आहे. ही काकू म्हणजे चुलती नव्हे! आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी वाचिकाचा ती प्राण आहे. आवाजाची स्थाने तीन : ऊर, कंठ आणि शिर. शेजारच्याशी उरातून बोलावे, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून, दूरच्याशी शिरातून. म्हणजे नटाने आधी समोरच्या माणसाचे अंतर ओळखायचे.

आपल्या रंगभूमीवर हे अंतर फार काळ प्रेक्षकांनी ठरवले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. पुढेही कितीतरी वर्षे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो छातीच्या जोरावरच. दमदार आवाज हे नटाचे भांडवल होते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि दिवाणखान्यातले साधे बोलणे प्रेक्षकांच्या कानी पडले.

१९७० साली ‘नटसम्राट’ आले. अप्पा बेलवलकरांना दोन आवाज लागतात : एक गाजवलेल्या भूमिकांचा, दुसरा मुलांच्या घरात दबलेल्या बापाचा. डॉ. श्रीराम लागूंनी हे दोन्ही आवाज पेलले. पेशाने ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुढे त्यांनी ‘वाचिक अभिनय’ या नावाचे पुस्तकही लिहिले.

आमच्या घरची बोली दखनी. कॉलेजच्या नाटकात दिग्दर्शकाने माझे उच्चार ‘शुद्ध’ करून घेतले आणि त्याबरोबर बोलण्यातला चढउतारही पुसला गेला. प्रयोगात एकही शब्द चुकला नाही. घरी आल्यावर अम्मी एवढेच म्हणाली, की सगळे ऐकू आले, पण त्यात तू कुठे नव्हतास. उच्चार घोटून घेणे आवश्यकच आहे. पण ती तयारी आहे, अभिनय नव्हे, हे मला तिच्याकडून कळले.

आता नटाच्या अंगावरच माइक असतो. शेवटच्या रांगेची काळजी यंत्र घेते. समोरचे पात्र आपल्यापासून किती दूर आहे, हे मात्र नटालाच ओळखावे लागते.