भाजलं किती वाजता?

आजचा एपिसोड थोडा जड आहे. जेवताना ऐकत असाल तर पॉज करा, नंतर ऐका.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. पहिल्या आंघोळीची पहाट. माझ्या ताईचा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा, धावत बाथरूममध्ये गेला आणि कढत पाण्याची बादली त्याच्या अंगावर आली. मग जे घराघरांत होतं तेच आमच्याकडे झालं. कुणी टूथपेस्ट आणली, आजी हळद घेऊन आली, मावशी म्हणाली बटाटा किसून लावा. साधं नळाचं पाणी वीस मिनिटं सोडायचं असतं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मी बीटेक आहे बरं का. मलाही नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "वजन किती? आणि भाजलं नक्की किती वाजता?"

वजन ताईला पाठ होतं, १४ किलो. वेळेचं मात्र कुणालाच सांगता येईना. "पहाटे." "फटाक्यांच्या आधी." मी मोबाइल काढला, कॉल लॉग बघितला. भाऊजींना मी लावलेला पहिला कॉल ५:४२ चा. डॉक्टरांनी कागदावर ५:४० लिहिलं आणि कामाला लागले. तेव्हा मला रागच आला होता. पोरगं रडतंय आणि यांना घड्याळ कसलं हवंय?

त्या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागले आणि पोचले अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात. नोव्हेंबर १९२१, रियाल्टो नावाच्या थिएटरला आग लागली. तोपर्यंत बहुतेक डॉक्टरांचा समज असा की भाजलेल्या कातडीतून काहीतरी विष रक्तात जातं आणि माणूस दगावतो. येल विद्यापीठातले फ्रँक अंडरहिल यांनी या आगीतल्या रुग्णांचं रक्त तपासलं. हा माणूस आधी पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूंवर काम करून आलेला. तिथे त्याने पाहिलं होतं की फुप्फुसात पाणी झिरपलं की रक्त घट्ट होतं. इथेही तेच. हिमोग्लोबिन वाढलेलं, म्हणजे रक्तातला पातळ भाग कमी झालेला. फोडांमधलं पाणी तपासलं तर ते रक्तातल्या प्लाझ्माच्या जवळ जाणारं. म्हणजे पहिल्या दिवसाचा शत्रू विष नव्हे, गळती. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळे व्हायरस शोधत होते आणि प्रॉब्लेम मेमरी लीकचा होता.

पण एकाने शोधलं म्हणून जग लगेच बदलत नाही. १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी जखमेवर टॅनिक ॲसिड मारायची पद्धत आणली. चामडं कमावतात ना, जवळपास तेच. जखमेवर कडक पापुद्रा धरायचा आणि सगळ्यांना बरं वाटायचं. ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. यकृतावर तिचा वाईट परिणाम होतो हे पुढे कळलं.

आता बोस्टन. २८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र, कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लब. परवानगी साधारण ४६० लोकांची, आत हजारभर. छताला कापड, खोटी नारळाची झाडं. आग काही मिनिटांत सगळीकडे पसरली. मुख्य दार गोल फिरणारं, ते माणसांच्या रेट्याने अडकलं. ४९२ माणसं गेली.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्या रात्री फ्रान्सिस मूर नावाचा तरुण सर्जन होता. वय २९, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. तिथे ११४ जणांना आणलं. वाचण्यासारखे उरले ३९. युद्धाची तयारी म्हणून हॉस्पिटलने प्लाझ्मा साठवून ठेवला होता, तो कामी आला. सर्जन ऑलिव्हर कोप यांनी ठरवलं की टॅनिक ॲसिड नको, रंग नकोत, नुसती मलमाची मऊ पट्टी. बाकी लक्ष शिरेतून जाणाऱ्या द्रवावर. पेनिसिलीन अजून बाजारात आलेलं नव्हतं. मर्क कंपनीने न्यू जर्सीहून त्याचं ३२ लिटर द्रावण पोलिसांच्या बंदोबस्तात रातोरात बोस्टनला पाठवलं.

१९४७ मध्ये कोप आणि मूर यांनी जे मांडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाणी फक्त बाहेर गळत नाही, आतही झिरपतं. शिरांतून निघून मांसात, सुजेत जाऊन बसतं. वजनकाट्यावर माणूस जड होतो, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्या कोरड्या पडत असतात.

बोस्टनच्याच दुसऱ्या हॉस्पिटलातल्या लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये तक्ता छापला: कोणत्या वयात शरीराचा कोणता भाग किती टक्के. लहान बाळाचं डोकं मोठं, पाय छोटे, त्यामुळे मोठ्यांचा हिशोब मुलांना चालत नाही. अंदाजपंचे बंद झालं ते इथून.

मग आला फॉर्म्युला. टेक्सासमधलं पार्कलँड हॉस्पिटल, १९६८, चार्ल्स बॅक्स्टर आणि टॉम शायर्स. (हे तेच पार्कलँड जिथे १९६३ मध्ये केनेडींना आणलं, आणि धावून गेलेल्या डॉक्टरांत बॅक्स्टरही होते.) चार मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७.२ लिटर सलाइन, पहिल्या २४ तासांत. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. कोडची एक ओळ.

आणि खरी गोम यात आहे. ते आठ तास मोजायचे भाजल्यापासून, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. तीन तास रिक्षा, जाम आणि टूथपेस्टमध्ये गेले, तर ३.६ लिटर उरलेल्या पाचच तासांत द्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी वेळ विचारली होती. आमच्या पोराचे आठ तास दुपारी १:४० ला संपत होते, आणि आम्ही पोचलो होतो साडेसातला.

हा फॉर्म्युला म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हेही सांगते. तो सुरुवातीचा अंदाज. पुढे दर तासाला लघवी किती होते ते बघून कमीजास्त करतात. मुलांचा हिशोब थोडा वेगळा असतो. आणि गरजेपेक्षा जास्त सलाइन गेलं तर सूज वाढते, श्वासाला त्रास होतो, यावर २००० नंतर बरंच लिहिलं गेलंय.

मावशीच्या बटाट्याचं काय? हसू नका. १९८५ मध्ये मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी आणि सहकाऱ्यांनी खरंच बटाट्यावर शोधनिबंध लिहिला. पण कच्चा कीस नव्हे. उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून, निर्जंतुक करून. नुसत्या पट्टीखाली जखम कोरडी पडत होती, सालीखाली ओल टिकत होती. महागडी ड्रेसिंग परवडत नाहीत तिथे हे फार मोठं होतं. पुढे सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची ड्रेसिंग तपासली. त्याच सायनमध्ये २००० साली स्किन बँक सुरू झाली. मेल्यानंतर त्वचा दान करता येते, ही माहिती मला तीस वर्षांची व्हायला आल्यावर मिळाली.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. डाव्या मांडीवर डाग आहे, चड्डी वर करून सगळ्यांना दाखवतो. मागच्या दिवाळीला बादलीत आधी गार पाणी पडलं, मग गरम. ताई दारात उभी होती.