व्हव्ह क्लिको

व्हव्ह क्लिको पाँसार्दां ही फ्रान्सच्या ईशान्य भागातील रेंस शहरातील शॅम्पेन बनवणारी पेढी आहे. फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये तिची स्थापना केली. फ्रेंच भाषेत ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. पेढीला कीर्ती मिळवून देणाऱ्या बार्ब-निकोल क्लिको (१७७७–१८६६) यांच्यावरून हे नाव पडले. १९८७ पासून ही पेढी एलव्हीएमएच या उद्योगसमूहात आहे.

इतिहास

क्लिको घराण्याचा मूळ व्यवसाय कापडाचा व पतपेढीचा होता. वाइनची विक्री हा जोडधंदा होता. रेंसमधील कापड कारखानदार निकोला पाँसार्दां यांच्या कन्या बार्ब-निकोल यांचा विवाह १७९८ मध्ये फिलिप यांचे पुत्र फ्रांस्वा यांच्याशी झाला. १८०५ मध्ये फ्रांस्वा वारले, तेव्हा बार्ब-निकोल २७ वर्षांच्या होत्या आणि त्यांना एक लहान मुलगी होती.

१८०४ च्या नेपोलियन संहितेनुसार विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून मालमत्तेचे व्यवहार करता येत नसत. विधवेवर हे बंधन नव्हते. त्यामुळे बाटलीवरील ‘विधवा’ हा शब्द शोकाचा नसून स्वतंत्रपणे व्यवहार करण्याच्या अधिकाराचा निदर्शक ठरतो. सासऱ्यांनी भांडवल दिले, पण आधी अलेक्झांद्र फुर्नो या अनुभवी व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत काम शिकण्याची अट घातली. ही भागीदारी १८१० मध्ये संपली व बार्ब-निकोल यांनी स्वतःच्या नावाने पेढी चालवण्यास सुरुवात केली.

नेपोलियनच्या युद्धांमुळे निर्यात जवळपास बंद पडली होती. १८१४ मध्ये शांतता प्रस्थापित होताच, व्यापारावरील निर्बंध अधिकृतपणे उठण्यापूर्वीच, विक्री प्रतिनिधी लुई बोन यांनी १०,५५० बाटल्या एका डच जहाजातून गुपचूप क्योनिग्सबर्गला नेल्या. त्यांत १८११ च्या, म्हणजे आकाशात मोठा धूमकेतू दिसलेल्या वर्षाच्या, हंगामातील वाइन होती. माल जप्त झाला असता, तर पेढी बहुधा बुडाली असती. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी पोहोचण्यापूर्वीच रशियाची बाजारपेठ तिच्या हाती आली.

गाळ काढण्याची पद्धत

शॅम्पेनमधील बुडबुडे बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनातून निर्माण होतात. मात्र त्यातून मृत यीस्टचा गाळही उरतो. पूर्वी तो वगळण्यासाठी वाइन दुसऱ्या बाटलीत ओतत. त्यात वायू निसटे व वाइनही वाया जाई. बार्ब-निकोल यांनी १८१६ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या मेजात बाटल्या तोंडाकडून खाली कलत्या ठेवून त्या रोज थोड्याथोड्या फिरवण्याची पद्धत सुरू केली. गाळ बुचाजवळ जमतो आणि बूच काढताच वायूच्या दाबाने बाहेर फेकला जातो. हे मेज मूळचे स्वयंपाकघरातील होते, अशी पेढीत सांगितली जाणारी आख्यायिका आहे. तळघरप्रमुख आंत्वान द म्युलर यांचाही या पद्धतीत मोठा वाटा होता. पुढे ती सर्व शॅम्पेन उत्पादकांनी स्वीकारली. आज हे काम बहुतांशी यंत्रे करतात.

वाइनचे प्रकार

पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचे प्राबल्य हे पेढीचे वैशिष्ट्य होय. ‘यलो लेबल’ या मुख्य उत्पादनात त्याचे प्रमाण साधारण निम्मे असते. उरलेला भाग शार्दोने व मेनिये या द्राक्षांचा असतो. दरवर्षी चव सारखी राहावी म्हणून तिच्यात मागील अनेक वर्षांच्या राखीव वाइन मिसळतात. या पिवळ्या लेबलाची नोंदणी १८७७ मध्ये झाली. गोड शॅम्पेनवर पांढरे लेबल असे. कमी गोड शॅम्पेन वेगळी ओळखता यावी, हा पिवळ्या लेबलाचा हेतू होता.

१८१८ मध्ये बार्ब-निकोल यांनी बुझी गावची तांबडी वाइन मिसळून रोझे शॅम्पेन तयार केली. तोवर गुलाबी रंगासाठी एल्डरबेरीच्या फळांचा अर्क वापरत. एकाच उत्तम हंगामाची ‘व्हिंटेज’ शॅम्पेनही पेढी काढते. ‘ला ग्रांद दाम’ ही सर्वांत प्रतिष्ठित वाइन १९७२ मध्ये, द्विशताब्दीनिमित्त, प्रथम विक्रीस आली; ती १९६२ च्या हंगामाची होती.

एकोणिसाव्या शतकातील चव मात्र आजच्याहून फार वेगळी होती. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ बुडालेल्या जहाजातून सुमारे १७० वर्षे जुन्या बाटल्या मिळाल्या, त्यांत या पेढीच्याही होत्या. त्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे सुमारे १४० ग्रॅम साखर आढळली. आजच्या ‘ब्रूट’ शॅम्पेनमध्ये ती १२ ग्रॅमांहून कमी असते.